ट्रंक रेडिओ स्कॅनरवर लावताना: आधी कंट्रोल चॅनल, मग साइट, मग टॉकग्रुप

नव्या स्कॅनरवर, म्हणजे पोलिस-फायरसारख्या सेवांचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणाऱ्या रिसीव्हरवर, कौंटीच्या अग्निशमन दलाची म्हणून एक फ्रिक्वेन्सी टाकली जाते. तिच्यावर आधी फायरवाले ऐकू येतात, दहा सेकंदांनी रस्ते खात्याचा ट्रक, त्यानंतर शाळेची बस. कुठल्याच प्रश्नाचं उत्तर मात्र कानावर पडत नाही. स्कॅनर बिघडलेला नसतो. ती फ्रिक्वेन्सी फायरची नसतेच. अमेरिकेतली बरीचशी राज्यं, मोठी शहरं आणि कौंट्या आता ट्रंक पद्धतीवर आहेत, आणि तिथे फ्रिक्वेन्सी कुणाच्याच मालकीची नसते.

एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा. बस कुठल्या फलाटावर लागेल हे आयत्या वेळी ठरतं आणि कर्ण्यावरून सांगितलं जातं. चार नंबरच्या फलाटावर बसून राहिलात तर सगळ्या गावांच्या बसेस दिसतील, तुमची मात्र भलतीकडेच लागून निघून जाईल. ट्रंक रेडिओत फलाट म्हणजे फ्रिक्वेन्सी, गावाची पाटी म्हणजे टॉकग्रुप (एकमेकांशी बोलणाऱ्यांचा ठरलेला गट) आणि कर्णा म्हणजे कंट्रोल चॅनल. हा कर्णा अखंड चालू असतो. त्यावर माणसाचा आवाज नसतो, फक्त डेटा असतो. साध्या एफएम रिसीव्हरवर तो सलग खरखरीसारखा ऐकू येतो. फायरमनने बटण दाबलं की त्याचा रेडिओ कंट्रोल चॅनलवर परवानगी मागतो, कंट्रोलर (सिस्टिमचा संगणक) मोकळी फ्रिक्वेन्सी देतो, आणि त्या टॉकग्रुपचे सगळे रेडिओ तिकडे उडी मारतात. बोलणं संपलं की पुन्हा कंट्रोल चॅनलवर. पुढच्या वाक्याला वेगळीच फ्रिक्वेन्सी मिळू शकते. युनिडेनने १९९७मध्ये बीसी२३५एक्सएलटी हा स्कॅनर आणला तेव्हापासून ही उडी स्कॅनरलाही मारता येते. पण त्यासाठी कर्णा नीट ऐकू यायला हवा, आणि माझ्या मते प्रोग्रॅमिंगचं निम्म्याहून जास्त काम तेवढंच आहे.

हे सगळं मी पी२५ (सुरक्षा सेवांसाठीची डिजिटल रेडिओ पद्धत) सिस्टिम आणि युनिडेनचे हल्लीचे स्कॅनर धरून लिहितो आहे, म्हणजे बीसीडी४३६एचपी, बीसीडी५३६एचपी, एसडीएस१०० आणि एसडीएस२००. न्यू जर्सीत आपली मराठी वस्ती मोठी आहे आणि तिथली राज्यव्यापी सिस्टिम ७०० मेगाहर्ट्झवरची पी२५ फेज २ आहे, म्हणून हेच उदाहरण बऱ्याच वाचकांच्या उपयोगाचं.

खरेदीच्या आधी सिस्टिमचा प्रकार बघा. रेडिओरेफरन्स या संकेतस्थळावर आपली कौंटी उघडली की सिस्टिमच्या नावाखाली तो दिलेला असतो. पी२५ फेज १मध्ये १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनलवर एकच संभाषण चालतं. फेज २मध्ये तेवढ्याच जागेत वेळेचे दोन तुकडे पाडून दोन संभाषणं बसवतात. गंमत म्हणजे फेज २ सिस्टिमचा कंट्रोल चॅनल फेज १ पद्धतीचाच असतो. त्यामुळे फक्त फेज १ जाणणारा जुना स्कॅनर, उदाहरणार्थ बीसीडी३९६एक्सटी, कंट्रोल चॅनल व्यवस्थित पकडतो, पण आवाज उलगडत नाही. काही सिस्टिमवर टॉकग्रुपमध्ये एखादा जुना रेडिओ सामील असेल तर ते संभाषण तेवढ्यापुरतं फेज १वर उतरतं. म्हणून तोच टॉकग्रुप काल ऐकू आला आणि आज नाही, असं होतं. यावर सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी उपाय नाही. स्कॅनरच फेज २चा लागतो.

साइट निवडणं

मोठी सिस्टिम अनेक साइटची बनलेली असते. साइट म्हणजे एक टॉवर किंवा एकत्र चालणाऱ्या टॉवरांचा गट. प्रत्येक साइटचे स्वतःचे कंट्रोल चॅनल आणि स्वतःच्या आवाजाच्या फ्रिक्वेन्सी असतात. रेडिओरेफरन्सच्या तक्त्यात लाल रंगातली फ्रिक्वेन्सी मुख्य कंट्रोल चॅनलची, निळ्या रंगातल्या पर्यायी. पी२५साठी फक्त या लाल-निळ्या भरायच्या. बाकीच्यांची गरज नाही, कारण चॅनल क्रमांकावरून फ्रिक्वेन्सी कशी काढायची याचं कोष्टक सिस्टिम स्वतः कंट्रोल चॅनलवरून सांगत असते: मूळ फ्रिक्वेन्सी, दोन चॅनलमधलं अंतर आणि प्रकार. मूळ ८५१.००६२५ मेगाहर्ट्झ आणि अंतर ६.२५ किलोहर्ट्झ असेल तर चॅनल ८०० म्हणजे ८५१.००६२५ अधिक ५, अर्थात ८५६.००६२५. हा हिशोब स्कॅनर करतो. पर्यायी मात्र सगळ्या भरा. देखभालीसाठी किंवा बिघाडामुळे कंट्रोल चॅनल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर हलतो आणि एकच भरलेला असेल तर स्कॅनर मुका होतो. टॉवरच्या बाजूच्या फ्रिक्वेन्सीच हव्यात: ७०० पट्ट्यात ७६९ ते ७७५ आणि ८०० पट्ट्यात ८५१ ते ८६९ मेगाहर्ट्झ. ७९९ ते ८०५ आणि ८०६ ते ८२४ हे हातातल्या रेडिओंचे पट्टे, ते भरून काही हाती लागत नाही.

आता ज्यावर नवे लोक हमखास अडखळतात ते. घराजवळचा टॉवर म्हणजेच योग्य साइट, असं नाही. साइटवर एखादा टॉकग्रुप तेव्हाच वाजतो जेव्हा त्या टॉकग्रुपवर लावलेला निदान एक रेडिओ त्या साइटवर नोंदलेला असतो. एकही नसेल तर कंट्रोलर तिथली फ्रिक्वेन्सी खर्च करत नाही. स्कॅनर फक्त ऐकतो, नोंदणी करत नाही. त्याच्यासाठी कुणी चॅनल उघडत नाही. म्हणून राज्य पोलिसांच्या टॉवरशेजारी राहूनही तुमच्या गावाची फायर ऐकू येणार नाही, आणि वीस किलोमीटरवरच्या कौंटीच्या साइटवर सगळं ऐकू येईल. साइटच्या नावात कौंटीचं किंवा शहराचं नाव असेल तर आधी ती लावा. अधूनमधून एखाद्या दूरच्या गावाचा टॉकग्रुप तुमच्या साइटवर वाजतो, तोही याच कारणाने: तिथली रुग्णवाहिका तुमच्या भागातल्या इस्पितळात आलेली असते.

एका वेळी किती साइट ठेवाव्यात? सुरुवातीला एकच, नीट जमलं की जास्तीत जास्त तीन. प्रत्येक साइटवर जाऊन कंट्रोल चॅनल पकडायला स्कॅनरला वेळ लागतो. चाळीस साइट ठेवल्या तर तो दिवसभर न मिळणारे कंट्रोल चॅनल शोधत फिरतो आणि संभाषण त्याच्या पाठीमागे होऊन जातं. डेटाबेसमधून आख्खी राज्यव्यापी सिस्टिम ओढून आणल्यावर नेमकं हेच होतं.

सेंटिनलमध्ये भरणं

युनिडेनचं सेंटिनल हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि विंडोजवर चालतं. स्कॅनर यूएसबीने जोडून मास स्टोरेजमध्ये ठेवा, आधी फर्मवेअर आणि मुख्य डेटाबेस अद्ययावत करा. मग नवी फेव्हरिट्स लिस्ट बनवा, डेटाबेसमधली आपली सिस्टिम शोधा आणि तिच्यावर राइट क्लिक करून त्या लिस्टमध्ये जोडा. आता छाटणी. नको त्या साइट काढून टाका, नको ते डिपार्टमेंट काढून टाका. पिन कोड टाकून संपूर्ण डेटाबेस ऐकण्याची सोय प्रवासात चांगली, घरी मात्र स्वतः छाटलेली लिस्टच हवी, या मतावर मी ठाम आहे.

डिपार्टमेंट म्हणजे टॉकग्रुपचा गठ्ठा. पी२५चा टॉकग्रुप क्रमांक १ ते ६५५३५ मधला असतो आणि दशमान पद्धतीत भरायचा. तक्त्यात हेक्स (सोळाच्या पद्धतीतल्या) क्रमांकाचाही रकाना असतो, तो चुकून उतरवू नका. सुरुवातीला फायर डिस्पॅच, रुग्णवाहिका आणि त्यांचे घटनास्थळावरचे दोन-चार ग्रुप, एवढे दहा-बारा पुरेत. तक्त्यातला मोड बघा: डी म्हणजे डिजिटल, टी म्हणजे फेज २. त्याला मोठा ई जोडलेला असेल तर तो ग्रुप कायम एन्क्रिप्टेड (कुलूपबंद, न ऐकता येणारा) आणि छोटा ई असेल तर कधीकधी. मोठ्या ईवाले भरूच नका.

आयडी स्कॅन आणि आयडी सर्च यातला फरक इथेच कळायला हवा. स्कॅनमध्ये फक्त तुम्ही भरलेले टॉकग्रुप थांबतात. सर्चमध्ये साइटवर जे काही येईल ते. नवी साइट लावली की पहिला तासभर सर्चवर ठेवावं. काहीतरी वाजलं म्हणजे साइट, अँटेना आणि डीकोडिंग तिन्ही ठीक. मग स्कॅनवर जा. स्कॅनवर गेल्यावरच शांतता पसरली तर चूक टॉकग्रुपच्या यादीत आहे, रेडिओच्या बाजूला शोधत बसू नका. सर्चमध्ये निनावी क्रमांक दिसतील. तो क्रमांक, वेळ आणि कोण काय बोललं हे वहीत उतरवा. आठवडाभरात कळतं की सकाळी सहाला बर्फ हटवणारे बोलतात तोच हा ग्रुप.

मग स्कॅनरवर लिहा. एक धोका लक्षात ठेवा: स्कॅनरवर बसून तुम्ही काही बदल केले असतील, एखादा ग्रुप कायमचा टाळला असेल, तर आधी सेंटिनलमध्ये स्कॅनर वाचून घ्या. न वाचता लिहिलंत तर ते बदल पुसले जातात.

लिहून झालं आणि पडद्यावर स्कॅन करण्यासारखं काहीच नाही असा संदेश आला, किंवा फिरतोय पण थांबत नाही, तर मी या क्रमाने बघतो. फेव्हरिट्स लिस्ट मॉनिटरमध्ये चालू आहे का. सिस्टिमची आणि डिपार्टमेंटची क्विक की (तो भाग चालू-बंद करायला नेमलेला आकडा) चालू आहे का. की नेमून दिली पण ती बंद असली तर तो भाग स्कॅनरच्या लेखी अस्तित्वातच नसतो. सर्व्हिस टाइप चालू आहे का. हा शेवटचा सापळा फार फसवा आहे. प्रत्येक टॉकग्रुपला फायर डिस्पॅच, लॉ टॅक, पब्लिक वर्क्स असा एक प्रकार चिकटलेला असतो, आणि तो प्रकार स्कॅनरच्या यादीत बंद असेल तर बरोबर भरलेला ग्रुपही गप्प राहतो, फेव्हरिट्समध्ये असला तरी. त्यानंतर लोकेशन कंट्रोल. ते चालू असेल आणि स्कॅनरमधला पत्ता जुन्या गावाचा असेल तर सगळं पल्ल्याबाहेर समजलं जातं. घरच्या लिस्टसाठी ते बंदच ठेवा.

डिले, म्हणजे बोलणं थांबल्यावर तिथेच वाट बघायचा वेळ, दोन सेकंद ठेवा. त्याहून कमी ठेवला तर प्रश्न ऐकून स्कॅनर उत्तराआधीच दुसरीकडे निघून जातो. पाच ठेवला तर एका गप्पिष्ट ग्रुपवर अडकून पडतो.

सिम्युलकास्ट: खरी डोकेदुखी

सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या, कंट्रोल चॅनल पकडलेला, तरी आवाज तुटक, पाण्याखालून आल्यासारखा, मध्येच गायब. शहरी भागात तक्रार असते ती बहुतेक हीच. कारण सिम्युलकास्ट. मोजक्या फ्रिक्वेन्सीत मोठा भाग झाकण्यासाठी पाच-सात टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच क्षणी, तोच डेटा पाठवतात. तुमच्यापर्यंत मात्र तो एकाच क्षणी पोचत नाही. पी२५ फेज १मध्ये सेकंदाला ४,८०० चिन्हं जातात, म्हणजे एक चिन्ह साधारण २०८ मायक्रोसेकंदांचं. दोन टॉवरच्या अंतरात १५ किलोमीटरचा फरक असेल तर दुसरा सिग्नल ५० मायक्रोसेकंद मागून येतो, चिन्हाच्या पाव भागाएवढा. दोन्ही सिग्नल तोडीस तोड असले की एक चिन्ह दुसऱ्यावर सांडतं. जुन्या धाटणीच्या स्कॅनरची एफएम डिस्क्रिमिनेटर पद्धत (फक्त फ्रिक्वेन्सीतला बदल वाचणारी) यात गडबडते, कारण सिम्युलकास्टसाठी वापरतात त्या मॉड्युलेशनमध्ये सिग्नलची उंचीही बदलत असते आणि ती माहिती डिस्क्रिमिनेटर फेकून देतो.

म्हणूनच इथे जोरदार सिग्नल मिळवण्याचा नेहमीचा सल्ला उलटा पडतो. छपरावर मोठी अँटेना लावली की आणखी तीन टॉवर ऐकू येतात आणि आवाज अधिकच बिघडतो. उपाय एकाच टॉवरचा सिग्नल बाकीच्यांपेक्षा वरचढ करण्यात आहे. स्कॅनर खाली आणा, घराच्या त्या बाजूला ठेवा जिथून एकच टॉवर समोर येतो. ८५० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३५ सेंटीमीटर आहे. टेबलावरच वीतभर सरकवला तरी फरक पडतो, म्हणून जागा बदलताना लांब उड्या मारू नका, वीत-वीत सरकवा. अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल मुद्दाम कमी करणारी सोय) लावून बघा. घरातल्या स्कॅनरला छोटी यागी अँटेना जवळच्या टॉवरकडे रोखून लावली तर बऱ्याचदा काम होतं. बीसीडी४३६एचपीवर पी२५ थ्रेशोल्ड हाताने ५ ते १३ मध्ये बदलून एरर कमी होते का बघता येतं, पण त्याने कधी थोडं सुधारतं, कधी काहीच नाही.

२०१८मध्ये आलेला एसडीएस१०० आणि त्यानंतरचा एसडीएस२०० हे मूळ सिग्नलची उंची आणि कला (लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते) दोन्ही मोजतात, म्हणून सिम्युलकास्टवर ते ठळकपणे सरस ठरतात. सिस्टिम सिम्युलकास्ट असेल तर स्वस्तातला दुसरा स्कॅनर घेऊन वर्षभर कुढण्यापेक्षा थांबून पैसे साठवावेत आणि हाच घ्यावा. याचीही एक दुखरी बाजू आहे: आसपासच्या ताकदवान सिग्नलांनी तो लवकर बावरतो. त्यासाठी फिल्टरची सेटिंग आहेत: नॉर्मल, इन्व्हर्ट, वाइड नॉर्मल, वाइड इन्व्हर्ट, ऑटो, ऑफ. साइटवर होल्ड करून प्रत्येक फिल्टर पाच मिनिटं लावा, एरर आणि नॉइजचे आकडे लिहा, सर्वांत कमी येईल तो ठेवा. एका साइटला जे मानवतं ते दुसरीला मानवेलच असं नाही.

दूरच्या दोन साइट एकच कंट्रोल फ्रिक्वेन्सी वापरत असतील तर हवामानानुसार स्कॅनर कधी परक्या साइटचं ऐकू लागतो. अशा वेळी साइटचा एनएसी, म्हणजे तीन अंकी हेक्स ओळख क्रमांक, भरून टाका; मग तो परक्याकडे ढुंकूनही बघत नाही.

सोबत येणारी रबरी अँटेना सगळ्या पट्ट्यांसाठी बनवलेली तडजोड असते. फक्त ७००-८०० ऐकायचं असेल तर नऊ-दहा सेंटीमीटरची, त्याच पट्ट्यासाठी बनवलेली छोटी अँटेना तिच्याहून चांगली. बाहेरच्या अँटेनाला केबलवर कंजुषी नको: ३० मीटर आरजी-५८मध्ये ८०० मेगाहर्ट्झला दहा डेसिबलहून जास्त सिग्नल वाटेतच जिरतो, एलएमआर-४००मध्ये चारच्या आसपास.

बाकीच्या प्रकारांचं थोडक्यात. मोटोरोला टाइप टू या जुन्या ट्रंक पद्धतीच्या सिस्टिम आता मावळतीला आहेत. तिथे टॉकग्रुप १६च्या पटीत असतात आणि शेवटच्या चार बिटांत स्थिती असते. ३२०१६ हा ग्रुप ३२०१८ म्हणून दिसला तर तो नवा ग्रुप नव्हे, त्याच ग्रुपवरचा आणीबाणीचा कॉल आहे. इडॅक्स या दुसऱ्या ट्रंक पद्धतीत फ्रिक्वेन्सी चॅनल क्रमांकाच्या योग्य क्रमातच भराव्या लागतात, एक इकडची तिकडे झाली तर भलतंच संभाषण ऐकू येतं. हॉटेलं, इस्पितळं, कारखाने यांच्या डीएमआर आणि एनएक्सडीएन या डिजिटल पद्धतींच्या सिस्टिमसाठी युनिडेनकडून वेगळी पैसे भरून किल्ली घ्यावी लागते, आणि तिथे चॅनल क्रमांक माहीत नसतील तर स्कॅनरच्या अ‍ॅनलाइज मेनूतला एलसीएन फाइंडर ते शोधून देतो.

स्वस्तात पारख करायची तर आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाच्या यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर) आणि एसडीआरट्रंक हे मोफत सॉफ्टवेअर. एका डोंगलमध्ये सुमारे २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा मावतो. धबधब्यासारख्या चित्रात जी रेघ कधीच तुटत नाही तो कंट्रोल चॅनल. घरातून कोणती साइट किती स्वच्छ येते हे स्कॅनर विकत घेण्याआधीच यावरून कळतं, म्हणून ही पायरी मी सगळ्यांना सुचवतो.

एन्क्रिप्शनपुढे कुठलाच स्कॅनर चालत नाही. एईएस-२५६ या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद केलेलं संभाषण उलगडण्याचं सेटिंग नसतं, आणि तसा प्रयत्न करणं बेकायदा आहे. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३पासून आपले चॅनल एन्क्रिप्ट करायला सुरुवात केली. इतरत्रही पोलिसांचा कल तिकडेच दिसतो. फायर आणि रुग्णवाहिका अनेक ठिकाणी अजून खुल्या आहेत. स्कॅनर घेण्याआधी आपल्या कौंटीचे कोणते ग्रुप खुले आहेत ते मोजा; पाचही नसतील तर पैसे घालू नका.

घरी ऐकण्याला अमेरिकेत साधारणपणे हरकत नाही, गाडीत मात्र राज्याराज्यांत फरक आहे. न्यूयॉर्कमध्ये परवान्याशिवाय पोलिस फ्रिक्वेन्सी पकडणारा रेडिओ गाडीत बसवता येत नाही, हॅम (हौशी रेडिओ) परवानाधारकांना सूट आहे. फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी आणि मिनेसोटातही गाडीतल्या वापरावर बंधनं आहेत. हॉलंड टनेल ओलांडून रोज ये-जा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. भारतात येताना स्कॅनर सामानात टाकू नका. तिथे रेडिओ उपकरण नुसतं जवळ बाळगायलाही परवानगी लागते, १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हे चालत आलं आहे आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यातही आहे.

चालू असलेली लिस्ट हातात आली की सेंटिनलमधून ती फाइल वेगळी जपून ठेवा, नावात तारीख घाला. सिस्टिमवाले साइट वाढवतात, कंट्रोल चॅनल बदलतात, टॉकग्रुपचे क्रमांक नव्याने पाडतात, आणि याची सूचना आपल्याला कुणी देत नाही. एके दिवशी स्कॅनर अचानक गप्प झाला तर सेटिंगला हात लावण्याआधी रेडिओरेफरन्सवर आपल्या साइटच्या लाल-निळ्या फ्रिक्वेन्सी या फाइलशी ताडून बघा.